टुंड्रात लाल खोकड वाढतंय: आधी त्याचं ताट मोजा

एका वनशास्त्राच्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. तापमान वाढल्यामुळे दक्षिणेकडचे शिकारी प्राणी टुंड्रात शिरतायत, तर त्यांची संख्या आटोक्यात ठेवायला प्रत्यक्षात काय करतात? नुसतं मारून ती कमी होते का? आणि हे निसर्गाच्या ओघात घडत असेल, तर माणसाने मध्ये पडावं का?

मी सोळा हिवाळे नॉर्वेच्या ईशान्य टोकाला, वारांगेर द्वीपकल्पावर, याच कामात काढलेत. म्हणून उत्तर तिथल्या अनुभवावरून देते. शिकारी प्राण्याची संख्या त्याच्या ताटात वर्षभर काय पडतं यावर ठरते. बंदुकीने आपल्याला थोडा अवधी मिळतो. त्या अवधीत ताट लहान केलं नाही, तर दर हिवाळ्यात तेवढीच जनावरं मारत बसावं लागतं. मला जे सांगायचंय ते एवढंच, पण ते पटायला तपशिलात शिरावं लागेल.

आधी नावांचा घोळ मिटवू. मराठीत कोल्हा म्हणजे उसाच्या फडात कोल्हेकुई करणारा, इंग्रजीत ज्याला जॅकल म्हणतात तो. फॉक्स म्हणजे आपलं खोकड. मी इथे लाल खोकड आणि ध्रुवीय खोकड असंच म्हणणार आहे. (आपला कोल्हाही आता उत्तरेकडे सरकतोय. तीच जात युरोपभर पसरत पसरत 2020 मध्ये फिनमार्कात, म्हणजे आमच्याच प्रांतात, कॅमेऱ्यात आली. तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सोलापूरकडचा माळ आठवला आणि पोटात गोळाही आला.)

ध्रुवीय खोकड साधारण 3 ते 4 किलोचं. कान छोटे, तोंड आखूड, तळपायालाही केस. लाल खोकड त्याच्या जवळजवळ दुप्पट. दोघांना हवं असतं तेच: लेमिंग नावाचे गुबगुबीत उंदीर, पक्ष्यांची अंडी, मेलेलं रेनडिअर आणि एक चांगलं बीळ. टुंड्रात बीळ खणणं सोपं नसतं, कारण खाली जमीन गोठलेली. जुन्या हिमनद्यांनी टाकलेल्या वाळूच्या टेकाडांत पिढ्यान् पिढ्या वापरलेली बिळं असतात, मोठ्या बिळाला शंभरावर तोंडं. विष्ठा आणि उष्टं खरकटं पडून पडून माती सकस होते, त्यामुळे उन्हाळ्यात करड्या माळावर असं बीळ हिरव्या ठिगळासारखं लांबूनच दिसतं. लाल खोकडाने ते घेतलं की ध्रुवीय खोकड परत येत नाही. पिल्लं सापडली तर लाल खोकड मारतं, कधी कधी मोठंही मारतं. बहुतेकदा मारायचीही वेळ येत नाही, नुसता वास पुरतो.

आइसलँडचे पाउल हेर्स्टाइनसन आणि ब्रिटनचे डेव्हिड मॅकडोनल्ड यांनी 1992 मध्ये एक गोष्ट मांडली, ती या सगळ्याच्या मुळाशी आहे. ध्रुवीय खोकडाची दक्षिणेकडची हद्द लाल खोकड ठरवतं आणि लाल खोकडाची उत्तरेकडची हद्द अन्न ठरवतं. थंडीने लाल खोकड थेट मरत नाही. त्याचं शरीर मोठं असल्यामुळे त्याला रोज जास्त खावं लागतं आणि हिवाळी टुंड्रा तेवढं देत नाही, म्हणून ते मागे राहतं. ध्रुवीय खोकडाचा खर्च कमी असल्यामुळे ते तग धरतं. म्हणजे टुंड्रा गरीब आहे हेच ध्रुवीय खोकडाचं संरक्षण. तिथे कुणी अन्न आणून टाकलं की ते संरक्षण गेलं.

'तापमानवाढीमुळे' हा तुमच्या प्रश्नातला शब्द म्हणूनच थोडा तपासायला हवा. तीन ठिकाणं शेजारी शेजारी ठेवून बघा.

कॅनडातल्या युकॉनच्या उत्तर किनाऱ्यावर चार दशकं बिळांची पाहणी झाली. त्या काळात हवामान ठळकपणे तापलं, पण लाल खोकडांचं प्रमाण ध्रुवीय खोकडांच्या तुलनेत वाढलं नाही. तिथे वस्ती जवळजवळ नाही. त्याच किनाऱ्याने पश्चिमेला गेलात की अलास्कातलं प्रुडो बे लागतं, तेलक्षेत्र. तिथे कामगारांच्या छावण्या, कचऱ्याचे डबे, इमारतींच्या तळाशी ऊब. तिथे लाल खोकडांनी ध्रुवीय खोकडांची बिळं एकामागून एक घेतली. तिसरं ठिकाण कॅनडाच्या ईशान्येचं बॅफिन बेट. लाल खोकड त्याच्या दक्षिण टोकाला 1918 च्या सुमारास पोचलं आणि 1962 पर्यंत थेट त्याच्याही उत्तरेच्या एल्समिअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर. अलीकडच्या तापमानवाढीच्या कितीतरी आधी. त्या नोंदी पुन्हा तपासल्यावर लक्षात आलं की हवामानापेक्षा व्यापारी ठाणी आणि वस्त्या यांच्याशी हा प्रसार जास्त जुळतो. माणूस जिथे तळ ठोकतो तिथे हिवाळ्यात खायला काहीतरी उरतं, आणि लाल खोकडाला तेवढंच हवं असतं.

तापमानवाढीचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. संबंध आहे, आणि तो लेमिंगच्या बाजूने जास्त येतो. लेमिंग हिवाळ्यात बर्फाखाली जगतं. जमीन आणि बर्फ यांच्यामध्ये भुसभुशीत, कोरडी अशी एक पोकळी तयार होते. त्यात ते गवत-शेवाळ खातं, घरटी बांधतं, पिल्लंही घालतं. हिवाळा नीट गेला तर दर 3 ते 5 वर्षांनी लेमिंगचा सुकाळ येतो, आणि त्या वर्षी ध्रुवीय खोकडाच्या एका मादीला दहाच्या वर पिल्लं होऊ शकतात. अठरापर्यंत नोंद आहे. सुकाळ नसेल त्या वर्षी कित्येक जोड्या पिल्लंच घालत नाहीत. आता मध्यहिवाळ्यात पाऊस पडतो, वरचा बर्फ वितळतो, पाणी खाली झिरपून गोठतं आणि ती पोकळी बर्फाच्या पत्र्याखाली बंद होते. दक्षिण नॉर्वेतल्या फिन्स इथे 1994 नंतर अनेक वर्षं लेमिंगचा सुकाळ आलाच नाही, आणि त्याचा बर्फाच्या बदलत्या पोताशी संबंध आहे हे 2008 मध्ये दाखवलं गेलं. तोच बर्फाचा पत्रा रेनडिअरलाही चरू देत नाही. रेनडिअर उपाशी मरतं आणि त्याचं मढं लाल खोकडाला मिळतं. एकाच पावसाने ध्रुवीय खोकडाचं ताट काढून घेतलं आणि लाल खोकडाचं भरलं. या कामात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच.

वारांगेरवर हे ताट आम्ही कसं मोजतो ते सांगते. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत आमिषावर कॅमेरे लावतो. आमिष म्हणजे कत्तलखान्यातून आणलेल्या रेनडिअरच्या आतड्या-पोटाचा गोठवलेला ठोकळा, 15 ते 20 किलोचा. स्नो स्कूटरच्या मागे घसरगाडी, त्यावर हे ठोकळे रचलेले. ठरलेल्या जागी बर्फात खड्डा खणून ठोकळा असा बसवायचा की वरून फक्त एक कड दिसेल, नाहीतर गरुड एका दिवसात फडशा पाडतो. चार-पाच मीटरवर खांब, खांबावर कॅमेरा, दर 5 मिनिटांनी एक फोटो. बोटं सुन्न झालेली असतात, आणि कॅमेऱ्याचं झाकण लावताना हातमोजा काढावाच लागतो. मग सगळं सोडून निघून यायचं.

फोटो हजारोंनी येतात आणि त्यातले बहुतेक नुसत्या बर्फाचे. पहिला बहुधा डोमकावळा. मग समुद्री गरुड, सोनेरी गरुड. रात्री लाल खोकड. कधी वुल्व्हरिन, म्हणजे अस्वलाच्या छोट्या भावासारखं दिसणारं एक चिवट जनावर. एका मार्चमधली एक मालिका माझ्या डोक्यातून जात नाही. पहाटे चौकटीच्या अगदी कडेला ध्रुवीय खोकड उभं आहे, पुढचा एक पाय उचललेला. पाच मिनिटांनंतरच्या फोटोत ते तिथेच आहे, फक्त तोंड दुसऱ्या बाजूला वळलेलं. पुढच्या फोटोत ठोकळ्यावर लाल खोकड. त्यानंतर त्या कॅमेऱ्यात ध्रुवीय खोकड संपूर्ण हंगामात आलं नाही. मारामारी नाही, रक्त नाही. तीन फोटोंत एक जागा हातची गेली.

आता बंदुकीकडे येते. वारांगेरवर लाल खोकडं मारायला 2005 पासून सुरुवात झाली. सरकारी निसर्ग-निरीक्षक हिवाळ्यात स्नो स्कूटरवरून माग काढतात. सामान्य शिकाऱ्याला उघड्या माळावर असं वाहन फिरवायला परवानगी नाही, निरीक्षकांना या कामापुरती आहे. जागा निवडतानाही भूगोल बघितला होता. द्वीपकल्प असल्यामुळे मुख्य भूमीशी जोडणारा गळा अरुंद, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची वाट त्यातल्या त्यात मर्यादित. वेळही महत्त्वाची. ध्रुवीय खोकडाची जोडी मार्च-एप्रिलमध्ये जमते आणि मे-जूनमध्ये पिल्लं होतात. बीळ निवडायच्या त्या दिवसांत आसपास लाल खोकड नसलं पाहिजे. ऑक्टोबरात शंभर मारून मार्चमध्ये दहा नवी आली, तर त्या शंभरांचा बिळाला काही उपयोग नाही. मेलेल्यांचा आकडा अहवालात चांगला दिसतो म्हणून वर्षअखेर तोच विचारतात. मी दरवेळी उलटा प्रश्न विचारते: मार्चअखेर बिळांभोवती ताजे माग किती?

मारलेलं प्रत्येक लाल खोकड प्रयोगशाळेत येतं. या भागात आमचं बरंच शिक्षण झालंय. सुळ्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, त्यावरून वय कळतं. मादीच्या गर्भाशयावरचे डाग मोजून मागच्या वर्षी किती पिल्लं झाली ते कळतं. स्नायूचा तुकडा बाहेर तपासायला जातो, त्यातल्या नायट्रोजन आणि कार्बनच्या प्रकारांवरून गेले काही महिने ते जमिनीवरचं खात होतं की समुद्रावरचं, ते उमगतं. आणि पोट उघडायचं. एका नराचं पोट मी स्वतः उघडलं होतं, फेब्रुवारीतलं. आत रेनडिअरच्या पोकळ केसांचा लगदा, त्यात अडकलेले लेमिंगचे दोन जबडे, माशाचे मणके आणि सॉसेजचं लाल प्लास्टिकचं आवरण, नीट घडी घातल्यासारखं. एका पोटात सगळा प्रश्न: कळपातलं मढं, माळावरचा उंदीर, बंदरावरचा कचरा आणि रस्त्याकडेला कुणीतरी टाकलेलं पाकीट.

वयांची यादी लावली की पुढचं कोडं सुटतं. मारलेल्यांत कोवळ्या वयाची भरपूर असतात, आणि डीएनए पाहिला तर त्यातली बरीच बाहेरून आलेली. म्हणजे आपण एक घर रिकामं करतो आणि बर्चच्या जंगलातून, नदीखोऱ्यातून नवा भाडेकरू येतो. तिथे त्याच्यासाठी जागा नव्हती, इथे झाली. यात लाल खोकडाचा दोष काहीच नाही. घर रिकामं, ताट भरलेलं, मग ते का येणार नाही?

तर मग मारण्याचा उपयोग होतो का? मर्यादित होतो. वारांगेरवर लाल खोकडं कमी केल्यावर ध्रुवीय खोकडं काही जुन्या बिळांवर परतली. शेजारच्या, जिथे मारलं नव्हतं अशा डोंगराळ भागात तसं झालं नाही. ध्रुवीय खोकडं तिथून पूर्ण संपली नाहीत, याचं श्रेय मी निरीक्षकांना मनापासून देते. उणे तापमानात, दिवस दिवस स्कूटरवर बसून त्यांनी हे केलंय. पण दहा-बारा वर्षं मारूनही संख्या वर चढेना. लेमिंगचे सुकाळ कमजोर पडलेले, जोड्या जमायला खोकडंच पुरेशी नाहीत. शेवटी 2018 पासून प्रजनन केंद्रात वाढवलेली पिल्लं तिथे सोडायला सुरुवात झाली आणि सोबत खाद्यकेंद्रं लावली, तेव्हा चित्र हललं.

याची दुसरी बाजू स्वीडनमध्ये आधीच दिसली होती. तिथे 1990 च्या दशकाच्या शेवटापासून डोंगराळ भागांत एकाच वेळी दोन गोष्टी केल्या गेल्या: ध्रुवीय खोकडांना हिवाळ्यात खाद्य आणि बिळांभोवतीची लाल खोकडं कमी करणं. जिथे दोन्ही नेटाने, वर्षानुवर्षं केलं तिथे संख्या दुपटीने वाढली. जिथे केलं नाही तिथे घसरण चालूच राहिली. संपूर्ण नॉर्वे, स्वीडन, फिनलंड मिळून 2000 च्या आसपास जेमतेम 40 ते 60 प्रौढ ध्रुवीय खोकडं उरली होती. आज हा आकडा 500 च्या आसपास आहे. फिनलंडमध्ये 1996 नंतर पहिल्यांदा 2022 मध्ये पिल्लं झाली. त्या उन्हाळ्यात बातमी आली तेव्हा आमच्या खोलीत कुणी बोललं नाही थोडा वेळ. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते.

प्रजनन केंद्र नॉर्वेत ओपदाल गावाजवळ, साटरफ्येलेट इथे, नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेने 2005 मध्ये सुरू केलं. डोंगरावरच मोठाले कुंपणबंद वाडे, आत कृत्रिम बिळं, जंगली वंशाच्या जोड्या. पिल्लं सोडायची ती साधारण आठ महिन्यांची झाल्यावर, हिवाळ्यात. आतापर्यंत 400 हून अधिक सोडली गेलीत. त्यातली बरीच पहिल्याच वर्षी मरतात, हे सोडताना माहीत असतं. पण जी जगतात ती कुठे पोचतात बघा: 2010 च्या सुमारास केंद्रातून आलेले तीन नर सीमा ओलांडून स्वीडनच्या हेलाग्स भागात गेले. तिथली खोकडं आपापसांत वीण होऊन कमजोर झाली होती. या तिघांमुळे नवं रक्त आलं आणि त्यांच्या पिल्लांचं जगण्याचं प्रमाण सुधारलं.

खाद्यकेंद्राबद्दल एक ताकीद द्यावीशी वाटते, कारण ऐकायला हे फार सोपं वाटतं. पेटीत कुत्र्यांचं कोरडं खाद्य भरतात. पेटीला नळीसारखं अरुंद तोंड असतं, ध्रुवीय खोकड आत जाईल आणि मोठं जनावर अडेल एवढंच. सुरुवातीच्या काळात आम्ही एक पेटी लावली, तिचं तोंड वाऱ्याने वाकडं झालं आणि दाणे बाहेर सांडत राहिले. कॅमेऱ्याची चिप काढायला तीन आठवड्यांनी गेलो. तोवर दोन लाल खोकडं तिथे रोज येत होती, आणि दीड किलोमीटरवरचं बीळ, जे आम्हाला वाचवायचं होतं, ते रिकामं पडलं होतं. पेटी लावली की दर आठवड्याला जाऊन बघायची तयारी हवी. तेवढी माणसं नसतील तर लावू नका.

आता ताट लहान करण्याकडे. इथे सगळ्यात अवघड काम माणसांशी बोलण्याचं आहे.

वारांगेरवर मोठ्या प्रमाणावर रेनडिअर आहेत, आणि ती सामी कुटुंबांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची. सामी भाषेत ध्रुवीय खोकडाला न्याल्ला आणि लाल खोकडाला रिएबान म्हणतात. म्हणजे दोघं या लोकांच्या ओळखीची आहेत, आपल्यासारखी पुस्तकातून नाही. बाहेरून आलेल्या संशोधकाने त्यांना 'मेलेली रेनडिअर उचला' असं सांगणं सोपं. पण शेकडो चौरस किलोमीटर माळावर मढी उचलणार कोण? त्यात, शिकारी प्राण्याने मारलं असेल तर भरपाईसाठी मढं निरीक्षकाला दाखवावं लागतं, म्हणजे ते जागेवरच ठेवावं लागतं. शिवाय त्या मढ्यावर गरुड, वुल्व्हरिन आणि वाईट हिवाळ्यात खुद्द ध्रुवीय खोकडही जगतं. सगळी मढी नाहीशी करणं हे ध्येय असूच शकत नाही. बोलायचं असतं ते कळपाच्या आकारावर, चराईच्या फेऱ्यांवर आणि बर्फाच्या पत्र्याच्या वर्षी कळप कुठे हलवता येईल यावर. हे निर्णय त्यांचे. आपण आकडे घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसायचं, कॉफी प्यायची आणि ऐकायचं. माझ्या आठवणीत सगळ्यात उपयोगी नकाशा एका वयस्कर गुराख्याने टेबलावरच्या कागदावर पेन्सिलने काढून दिला होता: गेल्या चाळीस वर्षांत कुठल्या दरीत लाल खोकड कधी पहिल्यांदा दिसलं.

रस्ते हा दुसरा स्रोत. डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या महामार्गावर गाड्यांखाली ससे, पक्षी, रेनडिअर मरतात, लोक खिडकीतून खाणं टाकतात, कडेला सुट्टीच्या घरांच्या वसाहती उभ्या राहतात. दक्षिण नॉर्वेत कॅमेरे लावून पाहिलं तर लाल खोकड महामार्गाजवळ ठळकपणे जास्त. हा भाग सुधारता येतो. मेलेलं जनावर त्याच दिवशी उचलणं, कचऱ्याच्या डब्यांना झाकण आणि कडी, वसाहतीला परवानगी देताना कचऱ्याची अट. एका किनारी गावाजवळ मासे साफ केल्यावरची घाण वर्षानुवर्षं उघड्यावर पडायची आणि निरीक्षक त्याच परिसरात दर हिवाळ्यात लाल खोकडं मारत होते. ती घाण बंद टाकीत जाऊ लागल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात मागांच्या रांगा स्पष्टपणे विरळ झाल्या. टाकीचा खर्च स्कूटरच्या एका हंगामाच्या इंधनापेक्षा कमी होता. हे आधी सुचायला हवं होतं, याची मला आजही खंत वाटते.

मोठ्या शिकारी प्राण्यांचाही यात वाटा आहे. स्कँडिनेव्हियातला लांडगा 1960 च्या दशकापर्यंत जवळपास संपवला गेला. लांडगा लाल खोकडाला दाबून ठेवतो, आणि त्याने मारलेल्या जनावरांचं उरलेलं मात्र छोट्यांना खायला मिळतं. दोन्ही परिणाम एकदम गेले. लाल खोकडाची वाढ रोगानेही रोखली जाते हे 1970 आणि 80 च्या दशकांत दिसलं. खरजेची साथ आली, लाल खोकडं झपाट्याने मेली, आणि ससे व रानकोंबड्यांसारखे पक्षी वाढले. साथ ओसरल्यावर पुन्हा मूळपदावर. कुणी प्रयोग म्हणून हे केलं नव्हतं, पण लाल खोकड या साखळीत किती जोराने ओढतं ते त्यातून कळलं.

बेटांवर मात्र हिशेब वेगळा. अलास्काच्या अल्युशियन बेटांवर फरच्या व्यापाऱ्यांनी 1750 पासून खोकडं नेऊन सोडली, तीही बहुतांशी ध्रुवीय. जमिनीवर घरटी करणारे समुद्रपक्षी त्यांनी खाऊन संपवले. पक्षी गेले, विष्ठेचं खत गेलं आणि दाट गवताची बेटं खुरट्या झुडपांच्या टुंड्रासारखी झाली. अल्युशियन हंस नामशेष झाला असं धरलं होतं, तो 1962 मध्ये बुल्डिर या खोकडं न पोचलेल्या बेटावर सापडला. आम्चिट्का बेटावरून खोकडं काढायचं काम 1949 मध्येच सुरू झालं होतं. मग बेटामागून बेट साफ करत नेलं आणि 2001 मध्ये हंस धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला. तिथे बंदुकीने प्रश्न सुटला, कारण मारलेल्याची जागा घ्यायला समुद्र ओलांडून कुणी येत नव्हतं. मुख्य भूमीवर तशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते. तुमच्या जागेला 'गळा' किती रुंद आहे, हे बंदूक उचलायच्या आधी नकाशावर मोजा.

आणि हीच जात, ध्रुवीय खोकड, आइसलँडमध्ये मेंढपाळांच्या डोळ्यांत खुपते आणि रीतसर मारली जाते. सायबेरियात, कॅनडात ती मोठ्या संख्येने आहे. म्हणून 'लाल वाईट, पांढरं चांगलं' असं मी कधी शिकवत नाही. तुमचा तिसरा प्रश्न, मध्ये पडावं का, याचं माझं उत्तर ठिकाणागणिक बदलतं. स्कँडिनेव्हियात ध्रुवीय खोकडाला फरसाठी मारून संपवत आणलं ते माणसाने. स्वीडनने 1928 मध्ये, नॉर्वेने 1930 मध्ये, फिनलंडने 1940 मध्ये त्याला संरक्षण दिलं, तोवर फार उशीर झाला होता. नंतर वर यायची संधी मिळेना, कारण रस्ते, कचरा आणि मढी यांनी लाल खोकडाला वर चढवलं. इथे हात बांधून बसणं म्हणजे निसर्गाला मोकळं सोडणं नव्हे. आपण आधीच टाकलेला हात तसाच ठेवणं आहे. म्हणून इथे मध्ये पडावं असं मला ठामपणे वाटतं. उत्तर कॅनडात, जिथे ध्रुवीय खोकडं भरपूर आहेत आणि लाल खोकड एखाद्या दरीत तुरळक आहे, तिथे मी एकही गोळी झाडू देणार नाही. फक्त छावणीच्या कचऱ्याला कुलूप लावेन.

मारण्याबद्दलही स्पष्ट बोलते. मी स्वतः मेलेली खोकडं हाताळते. सुंदर जनावर आहे. मारलेलं प्रत्येक खोकड मोजलं, तपासलं गेलं पाहिजे आणि त्याच्या मरण्याने कुठल्या बिळाला फायदा झाला हे सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर मारणं थांबवावं. दूध पिणारी पिल्लं बिळात असताना मादी मारू नये. आमच्या भागात हिवाळा संपताना मोहीम थांबवण्याचं ते एक कारण आहे.

तुम्ही महाराष्ट्रातल्या माळरानांवर काम करायचं म्हणता, म्हणून एवढंच जोडते. तिथे लाल खोकडाच्या जागी गावाबाहेरची कुत्री आहेत, आणि ताट म्हणजे पोल्ट्रीवाल्यांनी उघड्यावर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या आणि ओढ्यात टाकलेली गुरं. माळावरच्या लांडग्यांशी कुत्र्यांचा संकर झाल्याचंही पुणे भागात दिसलंय. तुमच्या अभ्यासक्षेत्रात पहिले दोन महिने कुत्री मोजूच नका. मोटारसायकलवरून फिरा आणि अशी प्रत्येक जागा जीपीएसवर टिपा: कुणाची आहे, आठवड्यातून कितीदा आणि किती किलो पडतं, कुठला प्राणी किती वाजता येतो. पोल्ट्रीवाल्याला विचारताना तक्रारीचा सूर लावू नका. त्याच्याकडे खड्डा खणायला जागा आहे का, चुना कुठून आणतो, गाडीचा खर्च कोण देतो, हे विचारा. ती यादी तयार झाली की मला पाठवा. तोवर आमचे मार्चमधले कॅमेरे उतरलेले असतील, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून कुठून सुरुवात करायची ते आपण ठरवू.